युसुफचाचांचं बियाणं

युसुफचाचांनी पेरायला दिलेलं बियाणं मी भाकरी करून खाल्लं.

आज सकाळी चाचा गेले. दुपारी सोनाळ्याच्या कबरस्तानात मिट्टी देऊन आलो. "मिस यू चाचा" लिहून फोटो टाकायचा म्हटलं तर हात उचलत नाही.

आमचं अन् त्यांचं वावर लागून. मधात एक धुरा, म्हणजे बांध.

अख्ख्या शिवारात जवारी पेरणारा हा एकच माणूस उरला होता. बाकी आम्ही सगळे सोयाबीनवाले.

अन् खातो काय? कंट्रोलचा, म्हणजे रेशनचा तांदूळ. सकाळी भात, संध्याकाळी भात.

मागच्या उन्हाळ्यात कंट्रोलवर मालच आला नाही. ट्रक आज येते, उद्या येते. बाया रिकाम्या पिशव्या घेऊन घरी जायच्या.

तेव्हा चाचांनी घरची जवारी काढली अन् गल्लीत वाटली. आमच्या घरी पायली घेऊन स्वतः आले.

"गजा, गावात तोंडं वाढून राह्यली. वावर तं तेवढंच हाये. अन् त्याच्यातही आपन खायाचं पेरतच नाही. काऊन बे?"

"चाचा, जवारीले पाखरं किती!"

"एकट्याच्या जवारीले. दोघायनं पेरली तं पाखरं वाटून जातात."

पुण्यातल्या मित्रांना सांगतो. पूर्वी सगळा गाव जवारी पेरायचा. पाखरं सगळ्यांचं थोडं थोडं खायची, कोणालाच लागायचं नाही. आता सगळी फौज एकाच वावरात उतरते.

मी म्हटलं, "औंदा तुमच्या सोबतीनं मी पेरतो. शब्द देतो."

चाचा इतके खूश झाले की काय सांगू! गावरान बियाणं राखेत कालवून मडक्यात ठेवलं होतं. त्यातलं बरोबर अर्धं मला काढून दिलं.

पेरणीच्या दिवशी मी कच खाल्ली. घरचे म्हणे, सोयाबीन हुकलं तर त्याच्यामागून पेरायचा हरभराही हुकते. पेरलं सोयाबीन.

बियाणं महिनाभर कोपऱ्यात पडून होतं. एक दिवस घरातलं पीठ संपलं. मीच बायकोला म्हटलं, ते धू अन् दळून आण. भाकरी गोड लागली, खोटं कशाला बोलू.

चाचांना काहीच सांगितलं नाही. सोयाबीन उगवल्याबरोबरच त्यांना धुऱ्यावरून दिसलं होतं.

"असू दे. पुढच्या साली पेरजो," एवढंच म्हणाले.

शिवी घातली असती तर बरं वाटलं असतं.

कणसं दुधावर आली अन् पाखरं तुटून पडली. सत्तरीचा माणूस मचाणावर उभा राहून दिवसभर गोफण फिरवायचा, डबा बडवायचा. ओरडून ओरडून आवाज बसला.

मी इकडे सोयाबीनमध्ये खाली मान घालून. एकही दिवस मदतीला गेलो नाही. लाज वाटत होती, अन् लाजेपायी आणखी लाजिरवाणं वागलो.

शेवटी नुसता कडबा हाती आला. बियाण्यापुरतीही जवारी निघाली नाही.

आज मिट्टी झाल्यावर त्यांचा मोठा मुलगा सलीम जवळ आला. डोळे सुजलेले. माझा हात धरला.

"गजूभाऊ, अब्बा शेवटपर्यंत एकच म्हनत होते. आपलं बियानं गेलं तं गेलं, अर्धं गजाजवळ जपून हाये. त्याच्याजवळून आन, अन् औंदा दोघं मिळून पेरा."

मी म्हटलं, "हाव. देतो आणून."

मातीने भरलेल्या हातांनी, कबरस्तानाच्या फाटकात, खोटं बोललो.

सलीम, तू हे वाचशीलच. नाही रे माझ्याजवळ काही. आम्ही खाल्लं. पण पोस्टमध्ये लिहून सुटका करून घेणार नाही. उद्या सकाळी तुझ्या दारात येतो, तोंडानं सांगतो. मग तुले काय बोलायचं ते बोल.

चाचा, तुमच्या भरवशाच्या लायकीचा नव्हतो मी.

शेवटचा सलाम.