कोरं मडकं

आमच्या शाळेतले शास्त्राचे मास्तर पेंढ्याची काडी चघळतच वर्गात येत. पोरांनी त्यांचं नाव ‘रवंथ मास्तर’ पाडलं होतं आणि ते त्यांना माहीतही होतं. मी त्याच शाळेत मराठी शिकवायचो. पोलादपुरात आम्ही दोघं एका खोलीत राहत असल्यामुळे त्या काड्यांचा कचरा माझ्या अंथरुणातही सापडे. तक्रार केली की म्हणत, “साखर आहे हो हिच्यात. आपल्या तोंडाला ती सोडवता येत नाही, एवढंच.”

वर्गात ते पोरांना कोरडे पोहे चावायला लावत. गिळायचे नाहीत, गोड लागेपर्यंत चावायचे. अख्खा वर्ग मुकाट्यानं तोंड हलवतोय हे पाहून एकदा हेडमास्तर दारातूनच परत फिरले. मग मास्तर सांगत की लाळेत एन्झाइम नावाचं एक पाचक द्रव्य असतं आणि ते पोह्यांची साखर करतं. पेंढ्यापुढे लाळेचं काही चालत नाही. पण पेंढा कुजवणाऱ्या बुरशीत त्याला पुरून उरेल असं एन्झाइम असणारच, आणि ते हाती लागलं तर भाताच्या काडीची साखर करता येईल. या एका गोष्टीनं त्यांना झपाटलं होतं.

बुरशीच्या शोधात ते रविवारी जवळच्या कापडे गावी जात. पेंढ्याच्या उडवीचा तळ उकरून ओल्या, हिरवट काड्यांचा वास घेत उभे राहत. गणपतदादा नावाचे एक शेतकरी त्यांना एकदा म्हणाले, “मास्तर, माझी म्हस पेंढा खाते नि दूध देते. तुमचं मडकं काय देतंय?”

“म्हशीच्या पोटात जे चालतं तेच मला मडक्यात करायचंय,” मास्तर गंभीरपणे म्हणाले.

“मग मडक्याला शेपूट तेवढी लावा.”

मास्तर सगळ्यात जास्त हसले.

मडकी दिली होती कापड्याच्याच पारूमावशीनं. तीन दिली, तिन्ही वापरातली. “कोरं मडकं पाझरतंय, मास्तर. म्हनून माझ्या चुलीपुढली काढून दिली,” ती म्हणाली. मास्तर तीन उडव्यांमधला पेंढा बारीक कापून, सोड्यात उकळून, धुऊन त्या तीन मडक्यांत भरत. वर त्या त्या उडवीतल्या बुरशीचं गाळलेलं पाणी ओतत आणि मडकी आमच्या चुलीच्या उबेला मांडून ठेवत. आठवडाभर मला चहासुद्धा जपून करावा लागे. मग साखर असली की तापवल्यावर विटकरी होणारं एक निळं द्रावण घेऊन ते तपासायला बसत. दोन मडक्यांतलं पाणी निळंच राहिलं. तिसऱ्याचं लालभडक विटकरी झालं. पुन्हा केलं, पुन्हा विटकरी. त्या मडक्यात पारूमावशीच्या उडवीतला पेंढा होता. तिच्या बुरशीचं गावभर कौतुक झालं.

मास्तरांनी मुंबईच्या एका प्राध्यापकांना पत्र लिहिलं. घरच्या अडचणींमुळे पदवीनंतर मास्तरांचं शिक्षण सुटलं होतं, आणि प्रयोगशाळेत काम करायची त्यांची हौस त्या काडीसारखीच दातांखाली राहिली होती. प्राध्यापकांचं उत्तर आलं: स्वतः येऊन पाहतो, खरं असेल तर माझ्या हाताखाली जागा देतो. ते पत्र मास्तरांनी मला इतक्यांदा वाचून दाखवलं की मला पाठ झालं. त्यांनी नवा सदराही शिवायला टाकला.

पाहुणे यायच्या दोन दिवस आधी मास्तरांनी तिसरं मडकं रिकामं करून घासलं आणि त्यात नुसतं पाणी भरून उबेला ठेवलं. पेंढा नाही, बुरशी नाही. मी विचारलं तर म्हणाले, “हे आधीच करायला हवं होतं. आनंदाच्या भरात राहून गेलं.”

पाहुणे यायच्या दिवशी सकाळी मी त्यांना समजावलं, “ते पाणी पाहुणे गेल्यावर तपासा.”

“पाहुणे गेल्यावर तपासायचं, तर त्यांना बोलावलं कशाला?”

प्राध्यापक महाडमार्गे एसटीनं आले. मास्तरांनी त्यांच्यासमोरच ते पाणी निळ्या द्रावणात घातलं आणि तापवलं. ते विटकरी झालं. साखर मडक्यातच होती. प्राध्यापकांनी चहा घेतला, मास्तरांच्या पाठीवर हात ठेवला आणि दुपारच्या गाडीनं परत गेले. मला त्या वेळी मास्तरांचा भयंकर राग आला होता. आजही थोडा येतो.

पारूमावशीचा भाऊ घाटावरून काकवी आणायचा, मावशी वर्षानुवर्षं ती त्याच मडक्यात ठेवायची. कितीही घासलं तरी मातीनं ती सोडली नव्हती. हे कळल्यावर मावशी रडायलाच लागली. “माझ्या मडक्यानं तुमचा घात केला, मास्तर.”

“मडक्यानं नाही, मावशी. मी विचारलंच नाही.”

“मंग पेंढ्यात साखर नायच का?”

“आहे. मला काढता आली नाही.”

पुढच्या वर्षी मास्तरांची घाटावरच्या शाळेत बदली झाली. आंबेनळी घाटातून जाणाऱ्या गाडीला मी त्यांना पोहोचवायला गेलो होतो. गाडी सुटायच्या बेतात असताना पारूमावशी कापड्याहून धापा टाकत आली. डोक्यावर मडकं होतं. ते तिनं खिडकीतून मास्तरांच्या हातात दिलं.

“कोरं हाय, मास्तर. कुंभाराकडनं थेट आनलंय. पान्याबिगर काय सुदा घातलेलं नाय ह्याच्यात.”

तळाशी अजून थोडं पाणी होतं आणि ते पाझरत होतं. मास्तरांनी मडकं मांडीवर घेतलं. कंडक्टर म्हणाला, “खाली ठेवा की मास्तर, कपडे भिजताहेत.” मास्तरांनी मान हलवली, पण मडकं काही खाली ठेवलं नाही. गाडी वळणाआड जाईपर्यंत ते दोन्ही हातांनी तसंच धरून बसलेले मला दिसत होते. अंगात तोच नवा सदरा होता, आणि तो पोटापाशी पार ओला झाला होता.