मामाजींच्या जीपला मी लावलेलं कुलूप

माझ्या सासऱ्यांची जीप उजवीकडे वळत नसे. डावीकडेही वळत नसे. आणि या दोन्ही गोष्टी माझ्या सल्ल्याने झाल्या होत्या.

मी तेव्हा मोहाडीला शाळेत विज्ञान शिकवत होतो. (पदवी वनस्पतिशास्त्राची. गाडीखाली आयुष्यात एकदाच शिरलो होतो, तेही चेंडू काढायला.) सासुरवाडी दिघोरीची, आणि तिथे जावई म्हणजे काय प्रकरण असतं ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. जावयाने पाणी मागितलं की दूध येतं. जावयाने मत दिलं की तो निकाल होतो! मामाजींचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, वाक्य ठरलेलं होतं, "जवाईबापूचा शब्द खाली पडला नाही पाह्यजे." एकदा जेवताना मी सहज म्हणालो की वांग्यात मीठ जरा कमी वाटतं. त्यानंतर मी गेलो की वर्षभर त्या घरात खारट वांगी शिजत होती, आणि सगळे मुकाट्याने खात होते.

आणीबाणी नुकतीच उठली होती, त्या सुमाराची ही गोष्ट. मामाजींनी मिलिटरीच्या लिलावातून एक जुनी जीप आणली होती. पोळ्याला बैलांच्या रांगेत तिलाही उभं करून ओवाळलं होतं. दिसायला मोठी रुबाबदार, पण चिखल पाहिला की म्हशीसारखी बसायची. आणि चिखलाला आमच्याकडे काय तोटा! एस.टी. फाट्यावर सोडून निघून जायची. तिथून गावापर्यंत दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, आणि मधे रस्ता नावाचा चर. दिवाळीपर्यंत तो वाळत नसे.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण मधे सुशीला होती. सुशीला माझी धाकटी मेहुणी. तिला पाहायला दोनदा पाहुणे आले आणि दोनदा चिखलातून परत गेले. पहिल्या वेळी जीप तासभर फसून राहिली आणि पाहुणे चपला हातात घेऊन उलट फाट्याकडे चालू लागले. दुसऱ्या वेळी मुलाची आई जीपमधून उतरली ती थेट कमरेपर्यंत उतरली! आता तिसरे पाहुणे पवनीहून यायचे होते, दहा दिवसांनी.

"लोकं म्हणून राहिले, पोरीच्या पायगुणानंच गाडी फसते," आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, पदराने डोळे पुसत म्हणाल्या. "हे बी पाव्हणे वापस गेले तं चौथे नाही येत."

सुशीलेने मला दाराशी गाठलं. फक्त एवढंच म्हणाली, "जिजाजी, या खेपेले पाव्हणे घरापर्यंत आणा जी." मला फार वाईट वाटलं. मी छातीवर हात ठेवून शब्द दिला. तिथेच चुकलं.

"मले एक सांगा जवाईबापू," मामाजींनी विचारलं, "एक चाक चिखलात गरगरा फिरते, अन् दुसरं चुपचाप उभं राह्यते. असं काहून?"

मी आदल्याच आठवड्यात शाळेच्या वाचनालयात एका इंग्रजी पुस्तकातली दोन पानं वाचली होती. (पुस्तकात चार पानं होती. दोन कोणीतरी फाडून नेली होती.) मी कोळशाने भिंतीवर चित्रच काढलं. "मामाजी, मागच्या दोन चाकांच्या मधे हा गोल डबा असतो. याला डिफरन्शियल म्हणतात. याचा स्वभाव वाईट. जे चाक रिकामं फिरतं, त्यालाच हा सगळी ताकद देतो. ज्या चाकाखाली घट्ट जमीन आहे, त्याला काही नाही!"

"म्हंजे आमच्या घरासारखंच," आत्याबाई मामाजींकडे पाहून म्हणाल्या.

"मग यावर इलाज?"

"कुलूप! दोन्ही चाकं एकमेकांना बांधून टाकायची. फिरली तर दोन्ही फिरतील."

मामाजींनी गोठ्यातल्या बैलजोडीकडे बघितलं. तोंड उघडलं. मग माझ्याकडे बघितलं आणि तोंड मिटलं. त्या मिटलेल्या तोंडाचा अर्थ मला पुढे दोन महिन्यांनी कळला.

फाट्यावर गफूर मिस्त्रीचं गॅरेज होतं. आम्ही तिघं, म्हणजे मी, मामाजी आणि हट्टाने आलेल्या आत्याबाई, तिथे पोहोचलो. मिस्त्रीने तीन प्रकार सांगितले. एक म्हणजे नागपूरच्या भंगार बाजारातून फौजी गाडीचं कुलूप आणायचं, त्याला दांडा असतो, चिखलात लावा, बाहेर आले की सोडा. पण ते शोधायला दोन महिने. दुसरं आपोआप लागतं आणि आपोआप सुटतं, पण ते त्याने स्वतः फक्त ऐकलं होतं. तिसरं म्हणजे डबा खोलून आतले गिअर वेल्डिंगने सरळ एकमेकांना चिकटवून टाकायचे.

"ते मंग कधी सुटते?" मामाजींनी विचारलं.

"कधीच नाही," मिस्त्री म्हणाला.

पाहुणे दहा दिवसांवर. प्रश्न सुटला! पण लगेच दुसरा उभा राहिला. या जीपला पुढेही तसाच डबा आणि मागेही तसाच डबा. चिकटवायचा कोणता?

"मांगचा," मामाजी म्हणाले. "सारं वजन मांगं बसते."

"समोरचा," आत्याबाई म्हणाल्या. "बैल समोरून ओढते का मांगून ढकलते?"

"हे बैल नाही, जीप हाये!"

"मंग पोळ्याले ओवाळली काहून?"

 मग दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. मिस्त्रीनेही पाहिलं. चहा घेऊन आलेल्या माणसानेही पाहिलं. मला यातलं काहीही कळत नव्हतं. मागचा म्हणावं तर आत्याबाई नाराज (आणि रात्री जेवायला त्याच वाढणार!), पुढचा म्हणावं तर मामाजी नाराज. माझ्या डोक्यातला डबा रिकामाच गरगर फिरत होता. मी चष्मा पुसला आणि अत्यंत गंभीरपणे म्हणालो, "दोन्ही."

गफूर मिस्त्रीच्या हातातला पाना खाली पडला. "दोन्ही? मास्तर, मंग वळवाल कशी?"

"स्टिअरिंगने!" मी म्हणालो. एवढा साधा प्रश्न मिस्त्रीला पडावा, याची मला कीव आली.

"पण मास्तर, आयका तं..."

"मिस्त्री," मामाजींनी हात वर केला, "जवाईबापू म्हणतेत ना दोन्ही? मंग दोन्ही करा."

काम पाहुणे यायच्या दिवशी सकाळी पूर्ण झालं. चाचणी घ्यायला वेळ नव्हता, तरी मी घेतलीच. जीप समोरच्या चिखलाच्या नालीत सरळ घातली आणि सरळ मागे काढली. लोण्यातून सुरी जावी तशी! (चाचणी चिखलातच घेतली. कोरड्या जमिनीवर जीप फसते का कुठे?) मिस्त्री काहीतरी सांगायला जवळ आला, तेवढ्यात एस.टी. आली आणि पवनीचे पाहुणे उतरले. मुलाचे वडील, पांढरी टोपी, आणि मागे लाजत मुलगा.

मामाजी घरी तयारीत होते. मी पाहुण्यांना बसवलं आणि निघालो. काय सांगू! ज्या चिखलाने दोन स्थळं गिळली होती, तो चिखल दोन्ही बाजूंना उडत होता आणि जीप हत्तीसारखी चालली होती. रस्त्यात बैलगाड्यांच्या चाकांनी खोल चाकोऱ्या पाडलेल्या होत्या, जीपची चाकं त्यात बसली होती, त्यामुळे स्टिअरिंग धरायचीही गरज नव्हती. मी दोन्ही हात सोडून दाखवले.

"वा, मास्तर! हात लावाची बी गरज नाही का?" मुलाचे वडील म्हणाले.

"सगळं शास्त्र आहे," मी म्हणालो.

गाव आलं. गावात मुरमाची टणक जमीन, तिथे चाकोऱ्या संपल्या. समोर रस्त्याच्या कडेला कडुलिंब. कडुलिंबापासून उजवीकडे वळलं की मामाजींचं घर. दारात आत्याबाई आरतीचं ताट घेऊन उभ्या, मामाजी नवं धोतर नेसून उभे. मी स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं.

जीप सरळ गेली.

मी जोर लावून फिरवलं. पुढची चाकं तिरपी झाली, मुरूम खरवडल्याचा भयंकर आवाज आला, आणि जीप सरळच गेली! आत्याबाई, आरती, मामाजी असे सगळे क्रमाने माझ्या उजव्या बाजूने मागे गेले. घाबरून मी ब्रेकऐवजी दुसरंच काहीतरी दाबलं. कडुलिंबापलीकडे डोमाजींचं आंगण. कुंपण गेलं, वाळत घातलेली वाकळ बॉनेटवर आली, आणि जीप तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, ढिगात नाक खुपसून एकदाची थांबली. पाहुण्यांना खरचटलंसुद्धा नाही. मी मात्र काचेवरून ढिगात गेलो, डोकं खाली, पाय वर.

आता डोमाजी म्हणजे मामाजींचे चुलतभाऊ. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, दोघांचं वाजलं होतं आणि सात वर्षं एकमेकांच्या आंगणात पाय ठेवला नव्हता. पण आंगणात पाहुणा आला की तो पाहुणा! मी तणसातून बाहेर यायच्या आत डोमाजींनी बाज टाकली होती, पाहुणे पाय धुऊन बसले होते, आणि डोमाजींची मुलगी शेवंता पाण्याचा गडवा पुढे करत होती.

"नाव काय बाई तुहं?" मुलाचे वडील विचारत होते.

इथे मी तोंड उघडायला हवं होतं. "हे घर नाही, ही मुलगी नाही," एवढी सहा शब्दांची गोष्ट. पण एक तर तोंडात तणस होतं. ते थुंकतोय तोच मुलाचे वडील माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तर, एकदम आंगणात आणून लावली हो गाडी! कमाल हाये!"

आता तुम्हीच सांगा. "गाडी वळली नाही" असं पाहुण्यांपुढे कोणता जावई म्हणेल? मी केसातलं तणस झटकलं आणि म्हणालो, "हो, सवय आहे."

मोडलेल्या कुंपणापलीकडे मामाजी धावत येऊन थांबले. आत पाय ठेवता येईना. बाहेरूनच हातवारे करत होते, "जवाईबापू! इकडं! इकडं!" मीही हातवारे केले. काय केले ते मलाही ठाऊक नाही. तोवर डोमाजींच्या बायकोने पोहे आणले होते. शेवंता खाली मान घालून उत्तरं देत होती, आणि पवनीचा मुलगा पोहे चमच्याने नाकात घालत होता, कारण डोळे भलतीकडेच होते.

शेवटी मुलाच्या वडिलांनी मांडीवर थाप मारली. "आमाले पोरगी पसंत हाये!"

"कोनती पोरगी?" डोमाजी म्हणाले.

"अजी, हेच! शेवंता!"

डोमाजी दोन वर्षं मुलीसाठी स्थळ शोधून थकले होते. आज ते कुंपण मोडून आत आलं होतं. त्यांनी आधी आभाळाकडे पाहिलं, मग जीपकडे, मग कुंपणापलीकडे उभ्या असलेल्या मामाजींकडे. पाहुणे कोणाच्या मुलीसाठी आले होते, ते त्यांना तेव्हा कळलं. त्यांचा चेहरा उतरला.

मामाजींना एका वाक्यात सगळं सांगून टाकता आलं असतं. मी तर डोळे मिटूनच घेतले. पण मामाजी कुंपण ओलांडून आत आले, सात वर्षांत पहिल्यांदा, आणि म्हणाले, "शेवंता बी आमचीच पोरगी हाये. पोहे आमाले बी द्या ना जी." डोमाजींनी त्यांचा हात धरला तो सोडलाच नाही. मला भरून आलं. (तणसाने डोळे चुरचुरत होतेच.)

पलीकडच्या घरात सुशीला नवं लुगडं नेसून ताट घेऊन दोन तास बसली होती. तिच्यासमोर जायची मला इतकी लाज वाटली की मी मागच्या दाराने घरात शिरलो. माझी बायको कमल तिथेच उभी होती. "आतापर्यंत पाव्हणे चिखलातून वापस जात होते," ती म्हणाली, "तुम्ही तं दारावरून नेले!"

दिवाळीनंतर खळ्यावर धानाची मळणी चालली होती. मधल्या खांबाला एका दोरीत बांधलेले बैल गोल फिरत होते. मामाजींनी मला जवळ बसवलं. "पाहा जवाईबापू. आतला बैल हळू चालते, बाहेरच्याले धावा लागते. दोघंही सारखेच चालले तं वळतीन कसे? सरळ गावाबाहेर जातीन."

मी बैलांकडे पाहिलं. फाडलेल्या दोन पानांत काय होतं ते मला तिथे कळलं. "मामाजी! तुम्हाला हे आधीच माहीत होतं?"

"तुम्ही भितीवर चित्र काढलं ना, तेव्हाच समजलं."

"मग बोलला का नाहीत?"

"असं कसं बोलाव जी?" मामाजी दुखावल्या स्वरात म्हणाले. "तुम्ही जवाई!"

सुशीलेने मात्र त्या वर्षी रडत बसायचं नाकारलं. भंडाऱ्याला जाऊन डी.एड. केलं, मास्तरीण झाली, आणि सोबतच्या एका मास्तरांशी तिचं लग्न ठरलं. लग्नाला पाहुणे उन्हाळ्यात, कोरड्या रस्त्याने आले. (मला त्या दिवशी गाडीपासून वीस हात लांब, भाजी चिरायला बसवलं होतं.) जेवणं झाल्यावर मामाजी नव्या जावयाला जीपजवळ घेऊन गेले. ती अजून डोमाजींच्या आंगणात तणसाशेजारीच उभी होती, कोंबड्या अंडी घालायच्या तिच्यात. "जवाईबापू, इचं का करावं म्हणता?"

नव्या जावयाने जीपभोवती एक चक्कर मारली, वाकून खाली पाहिलं, आणि हात जोडून म्हणाला, "मामाजी, मले याच्यातलं काहीच समजत नाही."

मामाजी अत्यानंदाने माझ्याकडे वळले. "पाहा! याले म्हणते शिकलेला जवाई!"