कुमुदआत्याचं बेसिन

आयसीयूत मला थोडा वेळ आत सोडलं, तेव्हा कुमुदआत्यानं डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि सलाइन लावलेला हात कसाबसा उचलून म्हणाली, "लांब राहा." नर्स म्हणाली, "अम्मा घबरा रही हैं, आप बाहर बैठिए." आत्या कसली घाबरतेय, घाबरले होते मी! कारण या दोन शब्दांनंतर आत्या नेहमी आणखी दोन शब्द म्हणायची, आणि ते काही आले नाहीत. पहाटे नोएडाच्या घरी फोन आला... आत्या गेली. दीड महिना होत आला, मी अजून तिथेच अडकले आहे.

मी मूळचीच भित्री. पालीला भिणारी, विजेच्या कडकडाटाला भिणारी. आत्या बाबांची धाकटी बहीण, लग्न न केलेली, आमच्याच सरकारी क्वार्टरमध्ये राहायची. जुन्या दिल्लीजवळ एका सरकारी इमारतीच्या वरच्या मजल्यावर प्राण्यांचं लहानसं म्युझियम होतं. पेंढा भरलेले पशुपक्षी, कपाटांत अंडी, बरणीत साप. त्यांची देखभाल ही तिची नोकरी. मी नुकती शाळेत जायला लागले होते. घरी मिठू नावाचा पोपट होता. एका संध्याकाळी आत्या ऑफिसातून आली ती थेट पिंजऱ्यापाशी, आणि त्याला हातानं मिरची भरवली. सकाळी मिठू पिंजऱ्याच्या तळाशी, पाय वर. त्या दिवसापासून आत्या दारातूनच ओरडायला लागली, "लांब राहा!" आणि व्हरांड्यातल्या नळावर कोपरापर्यंत हात घासायला लागली. मला कोणी काही सांगितलं नाही. पोरांना काय कळतंय, असं मोठ्यांना वाटतं, आणि पोरं आपापला अर्थ लावून मोकळी होतात. मी सरळ अर्थ लावला: आत्याचा हात लागला की मरण. तिनं वाढलेली पोळी मी गुपचूप खिडकीबाहेर टाकायचे.

एका रविवारी बाबा म्हणाले, "चलो, आत्याचं ऑफिस बघू." माझी तर गाळणच उडाली, पण बाबांपुढे बोलायची कोणाची टाप! जिना चढताच डांबरगोळ्यांचा वास. आत कोल्हा, घोरपड, मोर, पोटाशी पिल्लू धरलेली माकडीण... सगळे उभे, सगळे माझ्याकडे बघताहेत, आणि सगळे मेलेले. त्यांच्या मधोमध स्टुलावर बसून आमची आत्या बिबट्याचा कान ब्रशनं साफ करत होती. आई गं! एवढ्यांना हिनं मारलं! मी किंचाळले, पळायला गेले आणि आपटले. कपाळ फुटलं, फ्रॉक ओला झाला. आत्या धावत आली आणि हातभर अंतरावर थबकली, दोन्ही हात वर करून. "दादा, उचल तिला! अरे उचल ना, मला हात लावता येत नाही!" ती ओरडत होती, रडतही होती. मोठ्या माणसाला इतकं घाबरलेलं मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, आता मी मेलेच.

बाबांनी मला बाकावर बसवलं. आत्या नळावर जाऊन कितीतरी वेळ हात घासत होती. मग समोर येऊन बसली, तरीही जरा लांबच. "हे बघ छकुले, हे सगळे मेलेलेच आले इथे. जुन्या कातड्यांना कीड लागू नये म्हणून सोमल लावलाय. विष असतं ते. ते माझ्या हातांना लागतं. त्या दिवशी मी हात न धुताच मिठूला..."

"मग मिठू तुझ्यामुळे मेला?" पोराची जीभ ती, कुठली आवरायला!

"काहीतरीच काय, म्हातारा झाला होता तो," बाबा म्हणाले.

"माहीत नाही गं," आत्या म्हणाली. "तीच तर भीती वाटते." मग तिनं ओले, गार हात पुढे केले. "आता धुतलेत. ये आता." मी भीत भीत गेले. तिनं माझा चेहरा ओंजळीत धरला, आणि मी काही मेले नाही.

तेव्हापासून आमचा रोजचा रिवाजच झाला. दारातून "लांब राहा!", मग नळ, साबण, मग "ये आता!" आणि मी पळत जाऊन तिच्या कमरेला मिठी मारायची. निवृत्तीनंतर ती नोएडाला माझ्याकडे आली. नव्या घरात लोक आधी सोफा आणतात, हिनं आधी दाराशी बेसिन बसवून घेतलं. "अगं, आता कुठलं आलंय विष?" मी वैतागायचे. "असू दे यार," म्हणायची, "हात धुतल्याशिवाय घरी आल्यासारखं वाटत नाही."

आत्याला अग्नी देऊन घाटावरून परतले, तर नात ओवी "आजी!" करत धावत सुटली. "लांब राहा!" मी इतक्या जोरात ओरडले की पोरगी भिंतीला चिकटली. बेसिनवर आत्याचा लाल साबण होता, मधे झिजलेला. मी कोपरापर्यंत हात घासले, पुसले आणि म्हटलं, "ये आता." ओवी आली, पण बिचकतच.

तो साबण त्यानंतर मी वापरलेला नाही, टाकवतही नाही. बेसिनपाशी उभी राहिले की मागे वळून बघायची भीती वाटते. हॉस्पिटलमधलं तिचं "लांब राहा" अर्धंच राहिलंय ना... ती तिकडे हात धूत असणार, कोपरापर्यंत, सावकाश. धुऊन झाले की म्हणेलच. मला इतक्यात जायचं नाहीये हो, ओवी लहान आहे अजून. पण मी मला ओळखून आहे. आत्यानं "ये आता" म्हटलं, की मी पळत सुटेन.