बागेतला कोरा दगड

मी हायस्कुलात सायन्स शिकवतो. वर्गात कुणी भुताटकीची गोष्ट काढली तर त्याला बाकावर उभं करणारा मी मास्तर! तेव्हा हे लिहिताना मला किती संकोच वाटतोय, ते वाचकांनी समजून घ्यावं.

तीस सालच्या मे महिन्यातली हकिगत. माझे थोरले बंधू, दादा, मुंबईला छापखान्यात कंपॉझिटर. सुट्टीला रत्नागिरीस आले ते एक खूळ घेऊनच. गावातल्या जुन्या बागा आणि त्यांतल्या पाहण्याजोग्या गोष्टी यांची पुस्तिका काढायची! आठ दिवस त्यांनी मला उन्हातून फिरवलं. कारंजं बघ, बँडस्टँड मोज, गंजक्या तोफेवरचा आकडा वाच... दगडावर अक्षर दिसलं की कागद लावून वरून पेन्सिल घासायची आणि ठसा घ्यायचा. घासायचं काम अर्थात माझं.

शेवटी समुद्राच्या अंगाच्या बागेत, सुरूंच्या मागे, गुडघाभर उंचीचा एक जांभा दगड दिसला. हात फिरवून पाहिला. नुसती भोकं.

"ह्याचाही घे," दादा म्हणाले.

"अहो, ह्याच्यावर काही नाही!"

"घे म्हटलं ना!"

वैतागून घासायला लागलो... आणि कागदावर अक्षरं उठली. मोडी, अगदी स्वच्छ. दादांनी वाचलं, "यमुना. दिवस दहा."

मी दगडावर पुन्हा हात फिरवला. तो कोराच! तिथेच मी आणखी पाच कागद घासले. सगळ्यांवर जांभ्याची भोकं... दुसरं काही नाही.

घरी जेवताना दादांनी हे सहज सांगितलं. वाढता वाढता आई थांबली.

"हे नाव तुम्हांला कोणी सांगितलंन?"

"कुणी नाही. का गं?"

ती खालीच बसली. "दादाच्या आधीची माझी मुलगी. दहा दिवसांची गेली, बारसंसुद्धा झालं नाही. यमुना ठेवायचं मी मनात धरलं होतं... तुमच्या वडिलांकडेही बोलले नव्हते. तेव्हा तिथे बाग कुठली, नुसता उघडा कातळाचा सडा. त्या अंगाला नेलंनी तिला, एवढंच ठाऊक. कुठे पुरलंनी, ते मला बाळंतिणीला कोण सांगतो?"

आम्हांला बहीण होती, हेच आम्हांला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी आईला बागेत नेलं. दगडाशी ती बसली. मग हलकेच म्हणाली, "यमू..." आणि पदराने दगडावरची धूळ पुसली. मी सुरूंकडे तोंड करून उभा राहिलो.

दादांची पुस्तिका निघाली. त्यात हा दगड नाही. "पुरावा काय देणार?" असं ते उलट मलाच विचारतात! पुरावा म्हणजे तो ठशाचा कागद, तो आईने मागून घेतला, तिच्या पेटीत आहे. जांभ्याचे गुणधर्म मी पाठ म्हणून दाखवीन. पण तो कागद मी माझ्या हाताने घासला होता, आणि त्यावर ते नाव कुठून आलं ते मला आजही सांगता येत नाही... याचीच तर चीड येते!