दिसेल तेवढंच सांगायचं

आमची नाट्यसंस्था सांगलीत आहे आणि ती ना-नफा तत्त्वावर चालते. नाटकाच्या धंद्यात हे तत्त्व बहुतेकांना न ठरवताच पाळावं लागतं. आम्ही ते घटनेत लिहून ठेवलंय, इतकाच फरक. घटनेत आणखीही बरंच आहे. समता, समावेशकता, समाजाचा सहभाग. निवृत्तीनंतर एका मित्राने मला तिथे नेलं, तेव्हा ते वाचून मला जांभई आली होती. आयुष्य कॉलेजात शिकवण्यात गेल्यामुळे असे कागद मी पुष्कळ पाहिले होते, काही स्वतः लिहिलेही होते.

अडचण अशी झाली की ही मंडळी लिहिलेलं खरंच करत होती. तालमीला धुणीभांडी करणाऱ्या बायका यायच्या, रिक्षावाले यायचे, आणि चहा कोणी करायचा याची पाळी सगळ्यांना लागू होती, सल्लागारांनाही. अंध प्रेक्षकांना नाटक कळावं म्हणून कानात वर्णन ऐकवणारी यंत्रं घ्यायचं ठरलं होतं. ती परवडेनात, म्हणून माणूस नेमला. तो मी. मला अभिनय येत नाही हे पहिल्याच तालमीत सर्वांना पटलं होतं, पण माझा आवाज हळू आणि स्पष्ट आहे. अंध प्रेक्षकाच्या शेजारी बसायचं आणि रंगमंचावर काय दिसतंय ते कानात सांगायचं, हे माझं काम. आमची दिग्दर्शिका माझ्या मुलीच्या वयाची. तिने नियम घालून दिला, "सर, दिसेल तेवढंच सांगायचं. मत नाही." मतं सांगूनच पोट भरलेल्या माणसाला हे जड गेलं.

त्या वर्षीचं नाटक एका गावातल्या बायकांचं होतं. नवरा गेला म्हणून बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, असं त्या ठरवतात. नाटकातल्या विधवेचं काम इस्लामपूरजवळच्या गावातल्या एका बाईंकडे आलं. पन्नाशी उलटलेल्या, घरचा ऊस. नवरा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाला आणि नंतर काचबिंदूने त्याचे डोळे नेले. बाई आमच्या शिबिराला नुसत्या बघायला आल्या होत्या. उठून दोन वाक्यं बोलल्या आणि आमच्या शहरी नट्यांची पंचाईत झाली.

पहिले दोन प्रवेश मोकळ्या कपाळाने आणि मोकळ्या हातांनी करायचे होते. तालमीत बाई हिरव्या बांगड्या तशाच ठेवून काम करायच्या. एक दिवस दिग्दर्शिका म्हणाली, "मावशी, प्रयोगात बांगड्या काढाव्या लागतील हं."

"काढायच्या म्हणू नका बाई. वाढवायच्या म्हणा," बाई म्हणाल्या. "आवं, कासाराकडं नव्या भराय गेलो तरी आमी हात रिकामा ठेवत न्हाई. एक तरी ऱ्हाऊ देतो."

मग चर्चा झाली. आमच्याकडे कशाचीही चर्चा होते. नाटक ज्या समजुतीविरुद्ध आहे तीच समजूत आपण पाळायची का, असा मुद्दा एका कार्यकर्त्याने चांगला मांडला. बाईंनी तो पूर्ण ऐकून घेतला.

"त्ये बरोबर हाय," त्या म्हणाल्या. "नाटकात मी त्येच बोलती की. पण माझा मालक जित्ता हाय."

मुद्दा कार्यकर्त्याचा सरस होता, हे सगळ्यांना दिसत होतं. तरी चर्चा तिथेच संपली. पुढच्या तालमीला बाई स्वतःच म्हणाल्या, "लोकास्नी दिसाय पायजे तर दिसू दे. वाढवती मी बांगड्या." आणि मग मला बाजूला घेऊन त्यांनी आवाज उतरवला.

"सर, विधवेचं काम हाय ह्ये मालकास्नी ठावं हाय. पण कुंकू-बांगड्या हायत तशा ठेवून करती, नुसतं बोलायचं असतंय, असं मी सांगितलंय. तुमी त्येंच्या कानात सांगताना कपाळाचं नि हाताचं तेवढं सोडा. त्ये एकदा नको म्हणालं, तर मला पुढं करवायचं न्हाई."

पुढे गावोगावचे प्रयोग ठरले होते आणि बाईंच्या जागी दुसरं कोणी नव्हतं. शिवाय त्यांना ते काम किती हवंहवंसं झालं होतं, ते इस्लामपूरची एसटी चुकवून त्या तालमीला थांबत तेव्हाच कळायचं. मी बरं म्हणालो.

पहिल्या प्रयोगाला प्रमुख पाहुणे होते. पहिली रांग व्हीलचेअरवरच्या आणि अंध प्रेक्षकांची, हा आमचा नियम. पाहुण्यांच्या माणसांनी तिच्यापुढे एक सोफा आणून ठेवला. पाहुणे समतेवर मनापासून बोलले आणि परत जाऊन सोफ्यावर बसले. हवालदार माझ्या शेजारी पाठ ताठ ठेवून ऐकत होते.

"सर, ह्या पावण्यांचा परवेश अजून किती हाय?" त्यांनी विचारलं.

"संपला."

"बरं झालं. पाठांतर कच्चं वाटलं."

पडदा उघडला. मी सांगू लागलो. डावीकडे खाट, मागे चूल, उजवीकडून त्या येतात. फिकट लुगडं, डोक्यावर पदर, हातात कळशी. कळशी ठेवतात. बसतात.

हवालदारांनी मान जरा तिरकी केली. "बांगड्या वाजंनात हिच्या."

मी रंगमंचाकडे बघत राहिलो.

"कळशी ठेवताना वाजायला पायजेत. घरात वाजत्यात." मग ते म्हणाले, "आन तुमीबी गप झालासा."

रंगमंचावर बाई बोलत होत्या. सबंध थिएटर ऐकत होतं.

"सर, कपाळ?"

दोन वचनं माझ्यापाशी होती, एक बाईंना दिलेलं आणि एक दिग्दर्शिकेला. पण विचारणारा शेजारी बसला होता.

"मोकळं आहे," मी म्हणालो.

त्यांचा हात खुर्चीच्या दांड्यावर घट्ट झाला. आता ते उठतात, असं मला वाटलं. पण त्यांनी विचारलं, "उजेड नीट हाय का तोंडावर? लोकास्नी दिसतीया न्हवं?"

"स्वच्छ दिसतायत."

"मग सांगा की पुढं. थांबला कशापायी?"

शेवटच्या प्रवेशात बाकीच्या बायका त्यांच्या हातात बांगड्या भरतात. ते मला सांगावंच लागलं नाही. बांगड्या वाजल्या आणि हवालदार कधी नव्हे ते मागे टेकून बसले.

प्रयोगानंतर बाई बाहेर आल्या त्या घाईने लावलेल्या कुंकवासकट. ते वाकडं झालं होतं. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं आणि काय झालं ते ओळखलं. हवालदारांनी हात पुढे करून त्यांचं मनगट चाचपलं.

"भरल्यास व्हय?"

"मगाशीच."

"नाटक चालू असताना कुठं ठेवल्या हुत्यास?"

"पिशवीत. चपलांच्या वर."

"चपलांच्या वर," ते म्हणाले. एवढाच राग त्यांनी केला. "फुडला खेळ कुठं हाय?"

"रहिमतपूरला." बाईंनी पिशवी सावरली. "तुमी जा म्हणाला तर."

"जा कशाला म्हणू? मी येतोय की. बांगड्या माज्याजवळ दे तवा."

रहिमतपूरचा प्रयोग शाळेच्या पटांगणात झाला. तिथे सोफा मिळाला नाही, त्यामुळे पाहुणेही थोडकं बोलले. बाईंनी पडद्यामागून येऊन बांगड्या हवालदारांच्या रुमालात ठेवल्या. त्यांनी त्याला गाठ मारली आणि ते गाठोडं दोन्ही हातांत धरून मांडीवर ठेवलं. पडदा उघडला. मी नियमाप्रमाणे सांगितलं, "कपाळ मोकळं. हात मोकळे."

"मोकळं कसं?" ते हळूच म्हणाले. "हितं हायत की."

आणि बाईंनी कळशी खाली ठेवली, त्याच क्षणी त्यांनी रुमाल अगदी किंचित हलवला. रंगमंचावर बाईंचं वाक्य क्षणभर लांबलं. मग त्या पुढे बोलू लागल्या, आणि मला वाटतं, त्या दिवशी त्या फार चांगलं बोलल्या. हे मत आहे, याची मला जाणीव आहे.

त्यानंतर प्रत्येक गावात कळशी ठेवताना हा आवाज येतो. दिग्दर्शिकेच्या मते त्याने प्रवेशाचा परिणाम बिघडतो. प्रेक्षकांत कोण बांगड्या वाजवतं ते शोधून काढायचं काम तिने माझ्याकडे दिलंय. मी शोधतो आहे.