चाक थंड होईपर्यंत

विमानात लोक खिडकी मागतात ती ढग बघायला. मी मागतो ती पंखाच्या जरा मागची, बरोबर चाकांच्या डोक्यावरची. बायको म्हणते, "या माणसाचं लक्ष कायम खालीच असतं हे आधी कुणी सांगितलं असतं, तर लग्नाचा विचार केला असता." बोलू दे. विमानाची चाकं, त्यांचे पाय आणि त्यांचे ब्रेक, यांवरच आमचं बॉथेलमधलं घर उभं आहे.

माझं काम ऐकायला भारी वाटतं, पण बरंचसं असतं वाचायचं. विमानं नवी होती तेव्हा ज्यांनी चाकांवर प्रयोग केले, त्यांचे जुने रिपोर्ट स्कॅन करून ठेवलेत. नव्या ब्रेकचं गणित अडलं की आम्ही अजूनही तिकडेच धावतो. ती माणसं वेडीच होती, प्रेमाने म्हणतोय. चाक मनोऱ्यावर टांगायचं, धाडकन काँक्रीटवर सोडायचं आणि पाय किती दबतो ते बघायचं. ब्रेकची धग कुठून कुठे जाते हे कळायला आजच्यासारखे सेन्सर कुठले? ठराविक तापमानाला वितळणाऱ्या खडूंनी रिमवर रेघा ओढायच्या, चाक गरागरा फिरवून ब्रेक मारायचा आणि कुठली रेघ ओघळली ते बघायचं. त्यात त्यांना एक विचित्र गोष्ट दिसली. चाक थांबतं तेव्हा रेघा जशाच्या तशा असतात. सगळं संपलं, चला आता चहा घेऊ, असं वाटत असताना त्या एकेक ओघळायला लागतात. गॅस बंद केला तरी तव्यावरची भाकरी करपत राहते ना, तसंच. ब्रेकमधली धग सावकाश रिममध्ये उतरते, रिममधून टायरमध्ये.

म्हणजे विमान थांबल्यानंतरचा वेळच खरा वाईट. त्या वेळात टायर फुटला तर चाकाचे तुकडे दोन्ही बाजूंना उडतात. म्हणून तापलेल्या चाकाकडे जायचं तर समोरून नाहीतर मागून, बाजूने कधीच नाही. पाणी मारायचं नाही, धातू तडकू शकतो. रिममध्ये मऊ धातूची बुचं बसवलेली असतात. धग फार वाढली की ती वितळतात, टायरमधला वायू सुटतो आणि धोका टळतो. तोवर करायचं काय? वाट बघायची.

हे सगळं मला झोपेतसुद्धा पाठ आहे. आणि माझी एकुलती एक मुलगी काय झाली? एअरपोर्टवरची फायर फायटर!

आमच्या इकडच्या, परदेशात वाढलेल्या मराठी पोरांची तीनच खाती असतात: सॉफ्टवेअर, डॉक्टर आणि 'अजून एक्सप्लोअर करतोय'. बेलव्ह्यूच्या पॉटलकला, म्हणजे ज्याने त्याने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, कुणी विचारलं, "मुलगी काय करते?" की मी म्हणायचो, "एअरपोर्टवर असते," आणि घाईघाईने आमटी वाढून घ्यायचो. लोकांना वाटायचं एअरलाइनमध्ये मॅनेजर वगैरे असेल. वाटू दे. लाज वाटायची असं नाही हं. तो शब्द तोंडातून काढायचीच भीती वाटायची. घरी जेवायला आली की मी तिला धगीचं सगळं पुन्हा पुन्हा सांगायचो. "बाबा, आय नो. वी ट्रेन फॉर दिस," ती म्हणायची आणि वरणभात कालवत बसायची. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्लिशमध्ये येतं. वाचता तर अजिबात येत नाही. तो दोष आमचा.

त्या दिवशी मला ऑफिसच्या कामाला दुसऱ्या राज्यात, प्लेनोला जायचं होतं. सकाळी तिचा मेसेज आला, "ऑन शिफ्ट टुडे. सेफ फ्लाइट, बाबा." मी माझ्या नेहमीच्या सीटवर बसलो. शेजारी नागपूरच्या एक मावशी होत्या, मुलाकडे बॉथेलला राहून आता मुलीकडे प्लेनोला निघालेल्या. मी मराठी आहे कळल्यावर त्यांना कोण आनंद! विमान हलायच्या आत त्यांनी मला चिवड्याचा डबा उघडून दिला आणि सुनेचं अर्धं पुराण सांगून टाकलं.

विमान धावायला लागलं. वेग चांगला वाढला होता, नाक आता उचलणार, एवढ्यात इंजिनांचा आवाज पडला आणि सगळे पुढच्या सीटवर आदळलो. खालून ब्रेकचं ते कण्हणं सुरू झालं. चिवडा सगळा माझ्या मांडीवर. विमान थरथरत धावपट्टीच्या पार शेवटाला जाऊन थांबलं आणि मग सावकाश कडेच्या रस्त्यावर वळून उभं राहिलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मूर्ख कुठले, मला वाटलं, खरं आत्ता कुठे सुरू होतंय.

कॅप्टनने घोषणा केली: एका इंजिनाची वॉर्निंग आली म्हणून उड्डाण रद्द केलं, ब्रेक गरम झालेत, फायरच्या गाड्या बघायला येताहेत, सगळ्यांनी जागेवर बसून राहावं.

"काय म्हणून राहिला हो तो?" मावशींनी विचारलं.

"काही नाही मावशी. ब्रेक तापलेत जरा."

"मग पाणी मारा म्हणा ना त्याच्यावर!"

"पाणी मारायचं नसतं."

"काहून?"

मी सांगायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात खिडकीतून त्या हिरव्या-पिवळ्या गाड्या दिसल्या. त्या लांबच थांबल्या, हे बरोबर होतं. एका गाडीतून चंदेरी सुटातली दोन माणसं उतरली. सुटात सगळे सारखेच दिसतात, चेहरा काचेआड. पण त्यातलं बुटकं माणूस चालायला लागलं आणि मी खिडकीला नाक लावलं. डावा पाय जरासा बाहेर टाकत चालणं. माझी आई तशी चालायची. जगात दुसरं कोण चालतं तसं? माझी मुलगी.

हातात तापमान बघायचा कॅमेरा घेऊन ती विमानाच्या पुढच्या अंगाने येत होती. समोरून, अगदी नियमाप्रमाणे. थोडी थांबली, कॅमेऱ्यात बघितलं, मागच्या जोडीदाराला हाताने काही खुणावलं. आणखी पुढे आली. आणि मग पंख आडवा आला. पंखाखाली शिरली आणि दिसेनाशी झाली.

पंखाखाली काय आहे ते त्या विमानात माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. कुठल्या ब्रेकमध्ये किती धग आहे, ती आत्ता कुठवर उतरली असेल, बुचं कधी सुटतील, हे मी कागदावर मांडून दाखवलं असतं. पण सुटतील का? सुटतातच. शंभरदा प्रयोग करून बघितलेलं असतं. प्रयोगशाळेत मधे जाड काच असते, काचेआड आम्ही, हातात कॉफी.

मला ते जुने रिपोर्ट आठवले. त्यांत कोणी माणूसच नसतो. 'चाकाचं निरीक्षण करण्यात आलं.' 'टायर फुटेपर्यंत नोंदी घेण्यात आल्या.' कुणी घेतल्या रे? आम्हीसुद्धा तसंच लिहितो, 'तापमान उतरेपर्यंत देखरेख ठेवावी.' देखरेख काय आपोआप राहते? कुणाची तरी पोर तिथे जाऊन उभी राहते. इतकी वर्षं असली वाक्यं वाचली आणि लिहिली, आणि हे मला त्या खिडकीला नाक लावून कळावं!

मी पट्टा सोडून उभा राहिलो. फ्लाइट अटेंडंट लगेच आली. "सर, प्लीज बसा."

"मी ब्रेकवरच काम करतो," मी म्हणालो. "खाली माझी मुलगी आहे. तिला एवढंच सांगायचंय, की..."

काय सांगायचं होतं मला? ती समोरूनच गेली होती. तिने काहीच चुकवलं नव्हतं. परत ये, एवढंच माझ्याजवळ सांगायला होतं, आणि ते कुठल्याही नियमात बसत नाही. अटेंडंट चांगली होती. तिने माझ्या दंडावर हात ठेवला आणि म्हणाली, "तिला तिचं काम करू दे, सर. तुम्ही बसा." मी बसलो. दुसरं काय करणार?

फोन काढला, लावला. व्हॉइसमेल. फोन तिच्या लॉकरमध्ये असणार हे मला माहीत होतं. तरी मेसेज टाइप केला, इंग्लिश अक्षरांत, म्हणजे तिला वाचता येईल: 'चाकाच्या बाजूला उभी राहू नकोस. लवकर बाहेर ये.' पाठवला आणि स्वतःचीच कीव आली.

मावशी माझ्याकडे बघत होत्या. मला बोलतं ठेवावं म्हणून असेल, त्यांनी विचारलं, "तुम्हाले लेकरं किती?"

"एक मुलगी."

"काय करते?"

आमटी नव्हती वाढून घ्यायला. "ती काय, खाली," मी म्हटलं. "फायर फायटर आहे. आत्ता गेली ना चाकाजवळ, ती."

"अगं माय!" मावशींचा हात छातीवर गेला. माझ्या अंगावरून वाकून त्यांनी खिडकीतून बघितलं. पंखच दिसत होता. "एवढीशी पोट्टी खाली आगीपाशी, अन् तुम्ही काय करून राहिले हो इथं?"

बाईंना वाईट बोलायचं नव्हतं, तोंडातून निघून गेलं. काय करून राहिलो होतो मी? पट्टा बांधून बसलो होतो. पँटवर चिवडा होता.

मग तो आवाज आला. फुस्सऽऽ करून लांबलचक, कुकरची शिट्टी उचलून धरावी तसा. पाठोपाठ दुसरा. विमान आमच्या बाजूला किंचित खाली बसलं. लोक किंचाळले. "फुटलं की काय!" म्हणून मावशींनी माझा हात घट्ट धरला. फुटलं नव्हतं. बुचं वितळली होती आणि टायर बसले होते, जसं व्हायला हवं तस्संच. पण ती कुठे होती? मी देवाचं नाव घेणारा माणूस नाही. त्या वेळी घेतलं, आठवतील तेवढ्या सगळ्यांचं घेतलं.

पंखाच्या पुढून एक चंदेरी हेल्मेट बाहेर आलं. डावा पाय जरासा बाहेर टाकत. सावकाश, काही घाई नाही, कॅमेरा खांद्याला लटकलेला. मला रडू फुटलं. अगदी आवाज करून रडलो. मावशींनी पदर पुढे केला, आणि मी तो खरोखर घेतला.

बऱ्याच वेळाने पुढच्या दाराला शिडी लागली. सामान जागेवर ठेवा, एकेक जण उतरा, समोर बस उभी आहे. मावशींना हाताला धरून मी खाली उतरलो. हवेत तापलेल्या लोखंडाचा आणि रबराचा वास होता. हा वास मी घरी कपड्यांतून घेऊन जातो, तोच. शिडीपासून थोड्या अंतरावर ती उभी होती, हेल्मेटची काच वर केलेली, चेहरा लालबुंद, केस कपाळाला चिकटलेले. लोकांना पंखापासून लांब ठेवत होती. "कीप मूव्हिंग, फोक्स. दिस वे."

मी मावशींचा हात सोडला आणि रांग मोडून तिच्याकडे निघालो.

तिने मला पाहिलं. डोळे क्षणभर मोठे झाले. मग तिने तळहात उभा धरला. "सर, प्लीज. स्टे विथ द ग्रूप."

मी थांबलो. आयुष्यात पहिल्यांदा तिने मला सर म्हटलं होतं, आणि मी ऐकलं. ती दोन पावलं जवळ आली, आवाज एकदम खाली आणून मराठीत म्हणाली, "बाबा, जा ना. त्या साइडचं अजून गरम आहे. मला जावं लागेल."

त्या साइडची बुचं सुटली नव्हती. तीही गोष्ट मला तिच्याइतकीच, कदाचित तिच्याहून जास्त, कळत होती. तिच्या कपाळावरचे केस मागे सारावेत म्हणून माझा हात उचलला गेला. पण तिने काच खाली ओढली होती आणि पाठ फिरवली होती. विमानाच्या नाकाला लांबून वळसा घालून ती पलीकडे गेली.

बसच्या पायरीवर मावशी माझ्यासाठी खोळंबल्या होत्या. "काय म्हणाली पोट्टी?"

"जा म्हणाली," मी म्हटलं.

आणि मी गेलो.