तांबडीचे पाय

तुमच्या दारातली कोंबडी म्हातारी झाली, हे तुम्ही कशावरून ठरवता? आमच्याकडे पायांवरून ठरवतात. पाय गुळगुळीत असले तर तलंग म्हणजे तरणी, खरखरीत असले तर म्हातारी, आणि म्हातारी म्हणजे रस्सा. दिघीला आमच्या परसात हा न्याय मी लहानपणापासून पाहिला आणि, कबूल करते, तो रस्सा आवडीने खाल्ला.

गेल्या वर्षी पाळी आईच्या तांबडीवर आली.

तांबडी अंडी बेताचीच घालायची. पण खुडूक झाली की उबवायला अशी बसायची की खालचं अंडं कोणाचं, हे तिने कधी विचारलं नाही. म्हणून तिला मागणी असायची. खाडीपलीकडे आगरदांड्याला माझी मावशी राहते. तिच्या कोंबड्या दोन दिवस अंड्यांवर बसतात आणि कंटाळून उठतात. त्यामुळे आई तांबडीला पाटीत घालून, वर फडकं बांधून, फेरीबोटीने बहिणीकडे पोचवायची. पिल्लं चरायला लागली की तांबडी परत यायची, आणि सोबत आमच्या वाट्याची दोन पिल्लं. दोघी बहिणींची वर्षातली खरी भेट या निमित्तानेच व्हायची.

त्या खेपेला तांबडी लंगडत परत आली. पायांवरचे खवले उचकटलेले, त्यांच्याखाली पांढरट भुकटी, पाय दुप्पट जाड. काकाने तिला उचलून पाहिलं. काका ट्रक चालवतो आणि कुठल्याही मालाची आपल्याला पारख आहे असं त्याचं म्हणणं असतं.

"वहिनी, हिची एक्स्पायरी झाली. रविवारी माझे दोस्त येतायत. कोंबडी-वडे करा."

"तीनच वर्षांची हाय ती, भावोजी."

"पाय बघा की तिचे! तुमच्यापेक्षा मोठी दिसते."

"मग माझे पण बघा, आणि मला पण घाला टोपात."

सगळे हसले. पण आईचा धीर सुटत चालला होता. दुसऱ्या दिवशी दाणे टाकताना तिने तांबडीकडे बघणं टाळलं, तेव्हा मला ते कळलं.

आमच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त. बाबा जमिनीच्या आंदोलनात ती वाटायचे, आणि मी 'जाहीर निषेध' हे शब्द वाचत अक्षरं शिकले. तेव्हा मी निषेध करायला बसले. दिसण्यावरून वय ठरवणं आणि वयावरून जगण्याचा हक्क ठरवणं बंद करा, असं लिहिलं. दुसऱ्या परिच्छेदात मावशीवर ठपका ठेवला: धडधाकट कोंबडी नेली आणि रोगी परत केली. आईने सगळं वाचलं.

"बरं लिहिलंस गो. आता हे तिच्या पायाला लावू काय?"

मग मी तांबडीला पाटीत घातलं आणि बोर्लीला गुरांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी तांबडीचा पाय उजेडात धरला.

"हे वय नाही. खवल्यांखाली किडे शिरलेत, डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक. एकीच्या पायावरून दुसरीच्या पायावर जातात. खुराड्यात कोंबडा आहे? त्याचे पाय कसे आहेत?"

आमच्या कोंबड्याचे पाय वर्षभर तसेच होते. आम्ही त्याला म्हातारबुवा म्हणायचो. म्हणजे रोग आमच्याच खुराड्यातला, आणि फेरीबोटीने पलीकडे गेला तोही आमच्याच पाटीतून. घरी आल्यावर मी दुसरा परिच्छेद फाडून टाकला.

दुपारी मोरीत बादली घेऊन बसलो. कोमट पाण्यात थोडा साबण, त्यात तांबडीचे पाय मऊ होईपर्यंत बुडवायचे, जुन्या टूथब्रशने हलकेच साफ करायचे, पुसून कोरडे करायचे आणि खवल्यांच्या फटींत जाईल असं खोबरेल तेल लावायचं. खवला ओढायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी ओढला. रक्त आलं. आईने ब्रश माझ्या हातातून घेतला आणि तांबडीला म्हणाली, "झालं हां बाय, झालं. ती शिकलेली हाय, तिला घाई असते."

काका डिझेलची बाटली घेऊन आला. "एकदा बुडवा, किडे खलास." डॉक्टरांनी हेही सांगितलं होतं: डिझेल, रॉकेल नको, कातडी भाजते. मी तसं सांगितल्यावर तो बाटली घेऊन गेला. जरा वेळाने पाहिलं तर तो खुराड्यातली बसायची जुनी, फटी पडलेली काठी उपटत होता. ती त्याने जाळली, जागा झाडली आणि नवी गुळगुळीत काठी बसवली. रविवारी त्याचे दोस्त आले, वडे झाले, आणि सोबत वालाचं बिरडं. कोंबडी का नाही, असं एकाने विचारलं, तर काका म्हणाला, "पेशंट आहे ती."

दर दोन-तीन दिवसांनी, महिना उलटून गेला तरी, आम्ही सगळ्यांचे पाय तेलाने माखत राहिलो, कोंबड्याचेही. जे धडधाकट दिसत होते त्यांचेही, कारण एकाला सोडलं तर सगळी मेहनत वाया. जुने खवले आपोआप गळायला बरेच महिने गेले. लंगडणं मात्र लवकर थांबलं. एका सकाळी तांबडी पडवीतल्या रिकाम्या टोपलीत फुगून बसलेली दिसली. पुन्हा खुडूक. आई इतकी हसली की चहा उतू गेला.

तिने लगेच मावशीला फोन लावला. आधी तुझ्या कोंबड्यांचे पाय बघ, मगच तांबडी पाठवते, असं म्हणून तिने पाण्यापासून तेलापर्यंत सगळं सांगितलं.

"ऐकतेस ना गो?"

"व्हय." मग मावशी म्हणाली, "मी दोन कापल्या, ताई. पाय बघून. म्हाताऱ्या झाल्या म्हटलं. तांबडीनंच उबवलेल्या त्या."

आईने फोन कानाशी तसाच धरून ठेवला. रोग आमच्याकडून गेला होता आणि तो कसा बरा होतो हे आम्हाला कितीतरी महिने माहीत होतं. तेल लावत बसलो. मावशीला सांगितलं मात्र नाही.

म्हणून एक मागणं आहे. आज आपल्या कोंबड्यांचे पाय उचलून बघा, आणि खवले उचकटलेले दिसले तर तेलाची बाटली उघडायच्या आधी, तुमच्याकडून कोंबडी किंवा पिल्लू ज्या ज्या घरी गेलं असेल तिथे फोन करा.